नॅशव्हिलचा स्फोट आणि तर्कांचे पीक

अमेरिकेतील टेनेसी राज्याची राजधानी असलेल्या नॅशव्हिल शहरात २०२० च्या नाताळच्या सकाळी झालेल्या बॉम्बस्फोटाविषयीचे आपले निष्कर्ष एफबीआय या केंद्रीय तपाससंस्थेने सोमवारी, १५ मार्च २०२१ रोजी जाहीर केले. ते थोडक्यात असे : ६३ वर्षांच्या अँथनी क्विन वॉर्नर याने हा स्फोट एकट्याने घडवला. त्यात स्वतःचा शेवट करून घेणे हा त्याचा हेतू होता. संशयाने पोखरलेले मन, निरनिराळ्या चमत्कारिक कारस्थानकथांतून उचललेल्या आणि वर्षानुवर्षे उराशी बाळगलेल्या समजुती, माणसांशी तुटत गेलेले संबंध, अशा गोष्टींनी त्याला तिथवर नेले. समाजात वा राजकारणात बदल घडवून आणण्याचा व्यापक वैचारिक हेतू त्यामागे आढळला नाही. अडीच हजारांहून अधिक सूचनांची छाननी आणि अडीचशेहून अधिक लोकांच्या मुलाखती यांच्या अंती हाती आलेला हा निष्कर्ष जवळपास नीरस म्हणावा असा आहे. डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात ज्यांनी ज्यांनी या स्फोटाचा अर्थ छातीठोकपणे सांगितला, त्यांपैकी बहुतेकांच्या अर्थाशी तो जुळत नाही. त्यांतील किती जणांनी आपले म्हणणे मागे घेतले, हे शोधायला गेल्यास निराशाच पदरी येईल.

घटना मुळातच विलक्षण होती, हे मान्य केले पाहिजे. २५ डिसेंबर २०२० च्या मध्यरात्रीनंतर एक वाजून २२ मिनिटांनी एक मोटारहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली मोठी गाडी, शहराच्या जुन्या भागातील सेकंड ॲव्हेन्यूवर येऊन उभी राहिली. पहाटे बंदुकीच्या गोळ्यांसारखे आवाज ऐकून रहिवाशांनी पोलिसांना बोलावले. पोलीस पोहोचले तेव्हा गाडीतून यंत्रनिर्मित स्त्रीस्वरात इशारा ऐकू येत होता : गाडीत बॉम्ब आहे, परिसर सोडा. पुढे उलटी मोजणी सुरू झाली आणि मध्येच पेट्युला क्लार्क या गायिकेचे १९६४ सालचे ‘डाऊनटाऊन’ हे गाणे वाजू लागले. सहा पोलिसांनी दारोदार जाऊन माणसे बाहेर काढली. साडेसहाच्या सुमारास स्फोट झाला. आठ जण जखमी झाले, साठहून अधिक इमारतींचे नुकसान झाले. मरण पावला तो एकटा वॉर्नर. ज्या बॉम्बने आधी माणसांना पळायला सांगितले आणि मग तो फुटला, त्या बॉम्बचा अर्थ लावताना कोणाचीही मती गुंग व्हावी. त्यात भर पडली ती गाडी उभी होती त्या जागेची. तिच्या समोरच एटी अँड टी या दूरसंचार कंपनीची नेटवर्कची इमारत होती.

या इमारतीचे काय झाले ते जरा सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण पुढच्या सगळ्या अफवांना खतपाणी तिथूनच मिळाले. मोबाईल म्हणजे बिनतारी व्यवस्था, अशी आपली समजूत असते. वस्तुतः बिनतारी असतो तो आपल्या हातातील फोनपासून जवळच्या टॉवरपर्यंतचा तेवढा टप्पा. टॉवरच्या पुढचा प्रवास जमिनीखालील प्रकाशतंतूंच्या केबलमधून होतो, आणि शेकडो टॉवरच्या, घरगुती फोनच्या, इंटरनेटच्या, आणीबाणीच्या सेवांच्या अशा सर्व तारा एखाद्या मध्यवर्ती इमारतीत एकत्र येतात. सेकंड ॲव्हेन्यूवरील इमारत ही अशीच एक गाठ होती. स्फोटाने तिचा बाहेरून येणारा वीजपुरवठा तुटला. अशा वेळी चालू व्हायची जनरेटरची व्यवस्था आग आणि पाण्यामुळे निकामी झाली. मग यंत्रसामग्री बॅटऱ्यांवर चालू राहिली, पण बॅटऱ्या अशा प्रसंगी काही तासांच्याच सोबती असतात. त्यामुळे सकाळी स्फोट झाला तरी सेवा कोलमडली ती दुपारच्या सुमारास. टेनेसी, केंटकी आणि अलाबामा या राज्यांतील कित्येक भागांत फोन मुके झाले, अनेक ठिकाणी तातडीच्या मदतीचा ९११ हा क्रमांक लागेना, नॅशव्हिल विमानतळावरून होणारी उड्डाणे काही काळ थांबवावी लागली. कंपनीच्या लोकांनी इमारतीच्या भिंतीला भोके पाडून बाहेरच्या जनरेटरच्या तारा आत नेल्या, तळघरात साचलेले पाणी उपसले, मध्येच पुन्हा पेटलेल्या आगीमुळे बाहेर पडावे लागले तरी परत आत जाऊन काम केले. रविवारी संध्याकाळपर्यंत बहुतांश सेवा सुरू झाली.

यातला सर्वांत विदारक भाग आणीबाणीच्या सेवांचा. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात पोलीस आणि अग्निशामक दलाचे जवान परस्परांशी बोलू शकले नाहीत, त्या अनुभवातून ‘फर्स्टनेट’ या स्वतंत्र जाळ्याची कल्पना पुढे आली. संकटाच्या वेळी बाकी सगळे बंद पडले तरी हे जाळे चालू राहावे, हा तिचा गाभा. ते उभारण्याचे कंत्राट २०१७ मध्ये एटी अँड टीलाच मिळाले होते, आणि नॅशव्हिलमध्ये फर्स्टनेटलाही त्याच इमारतीतील बिघाडाची झळ पोहोचली. एकाच गाठीत इतके धागे का अडकवले, हा प्रश्न नाताळनंतर अमेरिकेत सर्वाधिक चर्चिला जायला हवा होता. दूरसंचार अभियंते सोडले तर तो फारसा कोणी विचारला नाही.

लोक बोलत होते ते भलतेच. स्फोटाच्या चित्रफितीत फेरफार करून आकाशातून क्षेपणास्त्र आल्याचे दाखवण्यात आले. कोणी ऊर्जाकिरणांच्या अस्त्राचा शोध लावला. एटी अँड टीची इमारत ही गुप्तचर संस्थेचा अड्डा असल्याचे सांगितले गेले. सर्वाधिक पसरलेली कहाणी होती मतदान यंत्रांची. नोव्हेंबरमधील अध्यक्षीय निवडणुकीत डॉमिनियन कंपनीच्या यंत्रांनी मते फिरवली, हा आरोप पराभूत पक्षाच्या गोटातून महिनाभर चालू होताच. जॉर्जिया राज्यात सुमारे ५० लाख मतपत्रिका हातांनी मोजूनही निकाल बदलला नाही, तरी तो थांबला नव्हता. आता त्याला नवे शेपूट फुटले : या यंत्रांच्या न्यायवैद्यक तपासणीचे कंत्राट एटी अँड टीला मिळाले होते, यंत्रे नॅशव्हिलला नेली जात होती, म्हणून पुरावा नष्ट करण्यासाठी हा स्फोट. असे कोणतेही कंत्राट नव्हते आणि कोणतीही यंत्रे तिकडे जात नव्हती. पण ऐकणाऱ्याला ते खरे वाटायला एवढे पुरेसे होते की इमारत खरोखरच एटी अँड टीची होती. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणतात ते हेच. धर्मराजाच्या वाक्यातला हत्ती खरा होता, म्हणूनच द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवले. साफ खोट्या गोष्टीला समाजात फार काळ थारा मिळत नाही. अर्ध्या खऱ्या गोष्टीचे मात्र घर बसते. या डॉमिनियनच्या कहाणीची किंमत अमेरिकेने पुढे १२ दिवसांनी, ६ जानेवारीला संसदभवनाच्या पायऱ्यांवर मोजली. ती कहाणी नॅशव्हिलमध्ये जन्मली नव्हती, पण नॅशव्हिलच्या धुरातही तिने आपले पोषण शोधले.

मात्र सगळा दोष समाजमाध्यमांच्या माथी मारून मोकळे होणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. ‘बॉम्ब ठेवणाऱ्याला फाईव्ह जी तंत्रज्ञानाविषयी भयगंड होता काय, याचा तपास चालू आहे’, ही बातमी प्रतिष्ठित वृत्तवाहिन्यांनी निनावी सूत्रांच्या हवाल्याने दिली होती. पुढच्या काही तासांत ‘काय’ हा शब्द गळून पडला आणि जगभर तेच त्या स्फोटाचे कारण ठरले. ‘ध’चा ‘मा’ करायला आनंदीबाईंना निदान लेखणी तरी हातात घ्यावी लागली, अशी दंतकथा आहे. इथे नुसते प्रश्नचिन्ह पुसले की काम झाले. नॅशव्हिलचे महापौर जॉन कूपर यांनीही २७ डिसेंबरला दूरचित्रवाणीवर बोलताना, स्थानिकांना या घटनेचा दूरसंचार केंद्राशी संबंध असणारच असे वाटते, असे सांगितले. जागा पाहता तसे वाटणे स्वाभाविक होते. पण एफबीआयचे निष्कर्ष एवढेच म्हणतात की परिणाम मोठा व्हावा आणि माणसांना इजा शक्यतो कमी व्हावी, अशा बेताने वॉर्नरने जागा आणि वेळ निवडली. फाईव्ह जीविरुद्धचे युद्ध त्यांत कुठेही नाही. त्याने मरणापूर्वी काही ओळखीच्यांना टपालाने पाठवलेल्या साहित्यात चित्रविचित्र समजुतींची जंत्री होती, परंतु त्यांतली अमुक एक समजूत म्हणजे या स्फोटाचे कारण, असा सरळ धागा तपासाला सापडलेला नाही.

अफवा का पिकतात, यावर मानसशास्त्रात जुने आणि चांगले काम आहे. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या अमेरिकी अभ्यासकांनी १९४७ साली त्याचे एक साधे सूत्र मांडले : विषयाचे महत्त्व आणि माहितीची संदिग्धता यांचा गुणाकार म्हणजे अफवेचा जोर. बेरीज नव्हे, गुणाकार; म्हणजे दोहोंपैकी एक शून्य झाले की अफवा संपते. नॅशव्हिलमध्ये स्फोटापासून वॉर्नरचे नाव अधिकृतपणे जाहीर होईपर्यंत दोन दिवसांहून अधिक काळ गेला. महत्त्व शिगेला, संदिग्धता शिगेला, आणि एका मोठ्या प्रदेशात खातरजमा करण्याचे साधन असलेला फोनच बंद.

याहून सूक्ष्म निरीक्षण आपल्याच देशातले आहे. जानेवारी १९३४ मधील बिहारच्या भीषण भूकंपानंतर जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञाने लोकांत फिरणाऱ्या अफवा गोळा केल्या होत्या. त्यांत येणाऱ्या चंद्रग्रहणाच्या दिवशी आणखी मोठा भूकंप होणार, अशा जातीच्या अफवा बऱ्याच होत्या, आणि त्या सांगत होते ते लोक हादरा बसलेले, पण स्वतःच्या आसपास नुकसान न पाहिलेले. उलट दार्जिलिंगमधील भूस्खलनानंतर दुर्गानंद सिन्हा यांनी केलेल्या अभ्यासात, ज्यांनी घरे कोसळताना प्रत्यक्ष पाहिली त्या लोकांत पुढच्या महासंकटाच्या अफवा आढळल्या नाहीत. लिऑन फेस्टिंगर या अभ्यासकाने या दोहोंची सांगड घालून असा अर्थ लावला की मनात भीती आहे आणि समोर तिला साजेसे कारण नाही, तेव्हा मन कारण तयार करते. अफवा भीती निर्माण करते असे आपण समजतो. कित्येकदा भीतीच अफवेला जन्म देते. नॅशव्हिलचा स्फोट जगभरच्या पडद्यांवर पाहिलेल्या कोट्यवधी लोकांना हे लागू पडावे. महासाथीचे वर्ष, निवडणुकीचा वाद, घरात कोंडलेले नाताळ. मनातील अस्वस्थता एवढी मोठी की तिला एक एकाकी, भ्रमिष्ट माणूस हे कारण पुरेना.

आपल्या शेजारच्या महाराष्ट्रात मार्च २०२१ मध्ये जे घडले, ते या संदर्भात आठवते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. २८ फेब्रुवारीला ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ‘रेकॉर्डेड फ्युचर’ या संस्थेच्या अहवालाच्या आधारे, चिनी सायबर घुसखोरीशी त्या घटनेचा संबंध असू शकतो, असे वृत्त दिले. मुंबईच्या घटनेशी असलेला दुवा सिद्ध झालेला नाही, असे त्या अहवालातच नमूद होते. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्राचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर विभागाच्या अहवालाचा दाखला देत घातपाताची शक्यता बोलून दाखवली. त्याच्या दुसऱ्या दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी तो मानवी चुकीचा परिणाम असल्याचे सांगितले. दोन सरकारे, दोन निष्कर्ष. कोणता खरा मानायचा हे वाचकाने पुरावा पाहून ठरवावे, तर पुरावा तेव्हा कोणीच पूर्णपणे समोर ठेवलेला नव्हता. मग वाचक आपापल्या पक्षानुसार ठरवतो. संदिग्धता केवळ अफवा पसरवणाऱ्यांमुळे टिकते असे नाही, ती टिकवण्यात राज्यकर्त्यांचाही हातभार असतो, हे यातून दिसते.

आणि तर्कट बॉम्बशिवायही दूरसंचार बंद पाडू शकते. नॅशव्हिलचा स्फोट झाला त्याच आठवड्यात पंजाबात शेतकरी आंदोलनाच्या काळात दीड हजाराहून अधिक मोबाईल टॉवरचे नुकसान करण्यात आले. नवे कृषी कायदे एका विशिष्ट उद्योगसमूहाच्या भल्यासाठी आहेत, ही त्यामागची धारणा. त्या समूहाने पुढे जानेवारीत उच्च न्यायालयात जाऊन कंत्राटी शेतीत उतरण्याचा आपला विचार नसल्याचे सांगितले. कायद्यांविषयीचा रोष समजण्यासारखा होता आणि धारणेची चर्चाही होऊ शकते; पण टॉवर पडला की मुका होतो तो गाव, ऑनलाईन वर्ग बुडतो तो त्याच शेतकऱ्याच्या मुलाचा. पंजाबचे मुख्यमंत्री अमरिंदर सिंग यांना आंदोलकांना हेच सांगावे लागले. ब्रिटनमध्ये तर एप्रिल २०२० मध्ये, फाईव्ह जीमुळे कोरोना पसरतो या अफवेपायी कित्येक टॉवर जाळण्यात आले. विषाणू रेडिओलहरींवर बसून प्रवास करत नाही आणि फाईव्ह जी नसलेल्या देशांतही साथ पसरली आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेला जाहीरपणे समजावून सांगावे लागले.

गोव्यात टॉवर जाळण्याची वेळ आली नाही, ही समाधानाची गोष्ट. पण ग्रामसभांतून टॉवरला होणारा विरोध आपल्याला नवा नाही, आणि टाळेबंदीत सांगेसारख्या तालुक्यांत नेटवर्कसाठी डोंगर चढणारी मुलेही आपण पाहिली. हे दोन्ही एकाच वर्षात, एकाच राज्यात. इथे एक भेद करायला हवा. टॉवरच्या किरणोत्सर्गाविषयी ग्रामस्थाने विचारलेला प्रश्न आणि कारस्थानाची कहाणी या एका माळेत ओवण्याच्या गोष्टी नव्हेत. प्रश्नाला उत्तर असू शकते. भारताने २०१२ पासून टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकाच्या एक दशांश इतकी कडक ठेवली आहे. आपल्या वाड्यावरचा टॉवर ती पाळतो की नाही हे मोजता येते, आणि ते मोजून ग्रामसभेपुढे ठेवणे ही प्रशासनाची जबाबदारी आहे. ग्रामस्थांना अडाणी ठरवून ती झटकता येणार नाही. कहाणीचे तसे नसते. तिच्या विरोधात दिलेला प्रत्येक पुरावा हा कारस्थानाचाच भाग ठरतो, त्यामुळे तिला उत्तरच नसते.

‘दहशतवादी’ या शब्दावरूनही नॅशव्हिलनंतर वाद झाला. हाच माणूस वेगळ्या वर्णाचा वा धर्माचा असता तर पहिल्या तासाला त्याला ते बिरूद चिकटले असते, असा आक्षेप घेतला गेला. आक्षेपात तथ्य आहे. १९ एप्रिल १९९५ रोजी ओक्लाहोमा सिटीतील स्फोटात १६८ माणसे मेली तेव्हा पहिले बोट पश्चिम आशियाकडे दाखवले गेले; आरोपी निघाला टिमोथी मॅक्व्हे, अमेरिकेच्याच लष्करात राहिलेला गोरा माणूस. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिम्पिकच्या वेळी बॉम्बची पिशवी पाहून लोकांना दूर करणारा रिचर्ड ज्युएल हा सुरक्षारक्षकच संशयित ठरला आणि जवळपास तीन महिने माध्यमांनी त्याची धिंड काढली. खरा गुन्हेगार एरिक रुडॉल्फ याने २००५ साली गुन्हा कबूल केला. तरीही आक्षेपाचा उपाय म्हणून वॉर्नरलाही घाईने तेच बिरूद लावावे, हे काही पटत नाही. दहशतवादाच्या व्याख्येत लोकांना वा सरकारला धाक घालून काही बदलायला लावण्याचा हेतू अभिप्रेत असतो. तो इथे आढळला नाही. उलट पहिल्या तासाला कोणालाच ते बिरूद लावू नये, ही मागणी अधिक रास्त ठरेल.

ओक्लाहोमाचा आणि नॅशव्हिलचा तपास आणखी एका बाबतीत सारखा आहे. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरखाली झालेल्या स्फोटात, मग ओक्लाहोमात आणि पुढे नॅशव्हिलमध्ये, आरोपीचा माग लागला तो गाडीच्या अवशेषांवरील ओळख क्रमांकामुळे. वळलेल्या, जळलेल्या लोखंडावरचे अंक, मग नोंदणीची कागदपत्रे, मग अवशेषांची डीएनए तपासणी. वॉर्नरचे नाव रविवारी २७ डिसेंबरला असे निश्चित झाले. क्षेपणास्त्राच्या चित्रफिती तोवर लाखो लोकांनी पाहून झाल्या होत्या.

या सगळ्या गदारोळात एक खरी, कागदावर असलेली गोष्ट मागे पडली. २१ ऑगस्ट २०१९ रोजी, म्हणजे स्फोटाच्या १६ महिने आधी, वॉर्नरच्या ओळखीच्या एका महिलेने नॅशव्हिल पोलिसांना सांगितले होते की तो आपल्या मोटारहोममध्ये बॉम्ब बनवत आहे. पोलीस त्याच्या घरी गेले. दार ठोठावले, कोणी उघडले नाही. आवारात गाडी दिसली, पण आत काय आहे ते दिसले नाही. एफबीआयकडे त्याच्याविषयी विचारणा झाली, तिथे काही नोंद निघाली नाही. प्रकरण तिथेच थांबले. हा अहवाल २०२० च्या डिसेंबरअखेरीस उजेडात आला, आणि तोपर्यंत अधिकारी सांगत होते की हा माणूस आधी कोणाच्या नजरेत नव्हता. खाजगी घराची झडती घेण्याइतका आधार तेव्हा पोलिसांपाशी होता की नव्हता, तो मिळवण्याचा पुरेसा प्रयत्न झाला की नाही, त्या महिलेचे म्हणणे कितपत गंभीरपणे घेतले गेले, हे प्रश्न कोणत्याही क्षेपणास्त्रापेक्षा महत्त्वाचे आहेत. त्यांची उत्तरे देण्यासाठी पोलिसप्रमुखांनी अंतर्गत आढावा जाहीर केला होता. एफबीआयचे निष्कर्ष वॉर्नरच्या मनाविषयी बरेच काही सांगतात. त्या ऑगस्टमधील न उघडलेल्या दाराविषयीचे प्रश्न त्या आढाव्यावर सोपवले गेले होते.